हा प्राणी इथे का आहे? : मुंबईतलं प्राणिसंग्रहालय संवर्धनाच्या कामाला कसं लावावं

एखादं प्राणिसंग्रहालय खरोखर संवर्धन करतं का, हे पाहायचं असेल तर प्रत्येक पिंजऱ्यासमोर उभं राहून एकच प्रश्न विचारावा: हा प्राणी इथे का आहे? उत्तर ‘लोकांना बघायला आवडतो’ एवढंच मिळालं, तर तिथे करमणूक चालली आहे असं समजावं. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नातून निघतात.

समोर ठेवली आहे ती भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे महापालिकेचं वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान आणि प्राणिसंग्रहालय. १८६२ साली ती लोकांसाठी खुली झाली तेव्हा ती फक्त बाग होती, प्राणी नंतर आले. आजचा कायदा प्राणिसंग्रहालयाकडून बरंच जास्त मागतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण उभं राहिलं. १९९८ च्या राष्ट्रीय धोरणात प्राणिसंग्रहालयांचं मुख्य काम स्पष्ट लिहिलं आहे: देशातल्या वन्यजीव संवर्धनाला हातभार लावणं. प्राणिसंग्रहालयात आणि उद्यान खात्यात काम करणारे, शिक्षक, स्वयंसेवक आणि या बागेवर जीव असलेले मुंबईकर, या सगळ्यांसाठी हा लेख आहे.

पायरी १ : यादी काढा आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहा

प्रत्येक मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयाला आपल्या प्राण्यांची वार्षिक यादी प्राधिकरणाला द्यावीच लागते. तीच यादी समोर घ्या आणि एक रकाना वाढवा: ‘कारण’. कारणं साधारण तीनच निघतात. हा प्राणी नियोजित वंशवाढीच्या कार्यक्रमात आहे. हा जखमी, अनाथ किंवा तस्करीतून सोडवलेला आहे आणि परत जंगलात जाऊ शकत नाही. किंवा याच्यामुळे लोकांना असं काही कळतं, जे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळणार नाही. ज्यांच्यापुढे यातलं काहीच लिहिता येत नाही, त्यांची संख्या नव्याने वाढवू नका. आहेत त्यांना शेवटपर्यंत उत्तम सांभाळा, पण त्या जातीचा पिंजरा पुढे दुसऱ्या कामासाठी ठेवा.

पेंग्विनचं उदाहरण घेऊ, कारण त्यांच्यावरून मुंबईत सगळ्यात जास्त वाद झाला. हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातून आले आणि २०१७ पासून लोक त्यांना बघताहेत. हा पक्षी पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा. त्यांना आणायला हवं होतं का, यावर माझं मत स्पष्ट आहे: गार पाण्यातला परदेशी पक्षी या दमट शहरात आणण्याऐवजी तो पैसा इथल्या जातींवर लागायला हवा होता. पण आता ते इथे आहेत, जगताहेत, वाढताहेत आणि रोज शेकडो पोरं त्या काचेला नाक लावून उभी असतात. मग त्या काचेचा उपयोग करून घ्या.

हम्बोल्ट पेंग्विनवर जंगलात जी संकटं आहेत, त्यातलं एक म्हणजे माणसाने त्याचं अन्न ओरबाडणं. तो खातो ते मासे आपल्या मांदेलीच्या जातकुळीतले. पेरूच्या समुद्रात ते बेसुमार पकडले जातात आणि एल निनोच्या वर्षी पाणी तापलं की आणखी दुर्मिळ होतात. हीच गोष्ट ससून डॉकवर आणि वर्सोव्याच्या कोळीवाड्यात ओळखीची आहे. बारीक आसाच्या जाळ्यात पिल्लं येतात, मग पुढच्या हंगामात पापलेट मिळत नाही. राज्य सरकारने २०२३ मध्ये चोपन्न जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला, तो याचसाठी. पेंग्विनच्या काचेशेजारी खऱ्या मापाची पापलेटची आकृती लावा, ‘यापेक्षा लहान असेल तर विकत घेऊ नका’ एवढंच लिहा, आणि ते वाचून आई बाजारात पट्टी लावून बघायला लागली तर पेंग्विनच्या नावापुढे कारण लिहिता येईल.

पायरी २ : जागेच्या मापाने जात निवडा

राणीची बाग पन्नासेक एकरांची, त्यातही अर्धं वैभव झाडांचं. इथे हत्तीला पुरेल अशी जागा कधीच नव्हती. २००९ साली प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांतले हत्ती छावण्यांत हलवण्याचे आदेश दिले, त्यामागे हेच कारण होतं. मोठे प्राणी नागपूरच्या गोरेवाड्यासारख्या विस्तीर्ण ठिकाणी शोभतात. शहराच्या मधोमध असलेल्या बागेने लहान प्राण्यांकडे वळावं, असं मला ठामपणे वाटतं.

वाघाटी घ्या. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, वजन जेमतेम दीड किलो. महाराष्ट्रात उसाच्या तोडणीत तिची पिल्लं सापडतात, लोक त्यांना बिबट्याची समजून घाबरतात. आंबोलीचा भेक घ्या: शास्त्राला २००९ साली माहीत झालेला, आंबोलीच्या आसपासच सापडणारा आणि नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरचा. त्याच्यासाठी तापमान आणि ओलावा सांभाळणारी एक खोली, स्वच्छ पाणी, किडे पैदास करण्याची सोय आणि चिकाटीचा माणूस लागतो. गोड्या पाण्यातली कासवं, सह्याद्रीतल्या नद्यांचे मासे, हे सगळं एका जुन्या पिंजऱ्याच्या जागेत बसतं. लोणावळ्याजवळ वळवणला १९७० च्या दशकापासून महसीर माशांची पैदास करून बोटुकली सोडली जाताहेत, म्हणजे हे आपल्याकडे होत नाही असंही नाही.

पायरी ३ : वंशवाढ करा, पण ‘पुढे कुठे?’ हे आधी ठरवा

पिल्लू झालं की वर्तमानपत्रात फोटो येतो, नाव ठेवलं जातं, गर्दी होते. संवर्धनाच्या हिशेबात ते पिल्लू तेव्हाच धरायचं, जेव्हा त्याची आजी-आजोबांपर्यंतची नोंद असते आणि ते पुढे कुठे जाणार हे ठरलेलं असतं.

नोंद का? एका प्राणिसंग्रहालयात चार-पाचच जनावरं असली की दोन पिढ्यांत भावा-बहिणींचा संबंध येतो आणि वंश कमकुवत होतो. म्हणून त्या जातीची देशभराची वंशावळ नोंदवही, म्हणजे स्टडबुक ठेवतात आणि त्यातून जोड्या ठरवतात. २०२० साली शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून भायखळ्याला आली, ती अशाच देवाणघेवाणीतून. पण प्रामाणिकपणे सांगायला हवं की पिंजऱ्यात जन्मलेला वाघ ताडोबात सोडला जाणार नाही. ताडोबाच्या वाघाला गरज आहे ती एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायच्या सलग वाटेची. वाघाच्या पिंजऱ्यावरच्या फलकाने ती वाट नकाशावर दाखवावी.

गिधाडांची गोष्ट वेगळी आहे आणि ती मुंबईने अभिमानाने सांगावी अशी आहे. मलबार हिलच्या डुंगरवाडीवर पूर्वी गिधाडं घिरट्या घालत. पारशी समाजाचा अंत्यविधी त्यांच्यावरच अवलंबून होता. मग देशभर ती मरू लागली. कारण सापडलं ते जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेली गाय मेली आणि गिधाडाने तिचं मांस खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. त्याच काळात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणा वनखात्याबरोबर पिंजोरला पैदास केंद्र चालवलं. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. तिथल्या लोकांनी पहिलं अंडं काढून उबवणी यंत्रात ठेवलं, म्हणजे मादी दुसरं घालते. २०२४ च्या सुरुवातीला पिंजोरची गिधाडं ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली.

यातला क्रम लक्षात घ्या. आधी मरणाचं कारण शोधलं, मग ते औषध बंद करायला लावलं, आणि त्याचबरोबर पैदास केली. कारण तसंच ठेवून पैदास केली असती तर सोडलेला प्रत्येक पक्षी पुन्हा मेला असता. म्हणून कुठलाही पैदास कार्यक्रम सुरू करण्याआधी हे तीन कागद तयार हवेत: जंगलातलं संकट काय, ते कमी करायला कोण काय करतंय, आणि आपला प्राणी कुठल्या साली कुठे जाणार. प्राधिकरणाची परवानगी तर लागतेच.

पायरी ४ : रोजची निगा

या पायरीवर कुणी बातमी करत नाही, पण प्राणिसंग्रहालयाची खरी परीक्षा इथेच होते. पिंजऱ्यात त्याच रेषेवर येरझारा घालणारा बिबट्या, डोकं डोलवत राहणारं अस्वल ही कंटाळ्याची आणि ताणाची लक्षणं आहेत. असा प्राणी बघून मुलं जंगलाबद्दल काही चांगलं शिकत नाहीत. त्यावरचा इलाज म्हणजे एनरिचमेंट, म्हणजे प्राण्याला त्याच्या स्वभावाचं काम देणं.

अस्वलाचंच पाहू. अस्वलाला वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतात. त्या फटीतून तो वारुळातली वाळवी जोरात ओढून घेतो आणि तो आवाज शंभर मीटरवरही ऐकू जातो. अशा प्राण्याला ताटलीत चिरलेली फळं दिली की जेवण पाच मिनिटांत संपतं आणि उरलेला दिवस रिकामा. त्याऐवजी जाड बांबूचं हातभर लांब पेर घ्यावं, दोन्हीकडची गाठ शाबूत ठेवावी, मधे अंगठ्याएवढी दोन-तीन भोकं पाडावीत, कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात. आत थोडा मध, भिजवलेले शेंगदाणे, गूळ-सातूची गोळी. अस्वल ते पेर पुढच्या पायांत धरतं, भोकाला तोंड लावतं, ओढतं, फिरवतं, आपटतं. उन्हाळ्यात कलिंगडाच्या फोडी पाण्यात गोठवून त्याची लादी द्यावी, ती चाटत बसण्यात त्याची दुपार जाते.

बिबट्यासाठी मांस रोज त्याच वेळी, त्याच जागी देऊ नका. ओंडक्याच्या बेचक्यात लपवा, कधी दगडावर दालचिनीची पूड चोळा. मोठ्या मार्जारांना आठवड्यातून एक दिवस उपास ठेवायची पद्धत आहेच. प्राणिपालाने वीस मिनिटं लांबून पाहून लिहावं: वस्तूकडे किती वेळात आला, किती वेळ रमला, येरझारा थांबल्या का. तीन वेळा दुर्लक्ष केलं तर ती कल्पना सोडा. राणीची बाग बुधवारी बंद असते, नव्या गोष्टी करून बघायला तो दिवस उत्तम. या वहीवर प्राणिपालाचं नाव असावं, कारण ज्ञान त्याचं आहे आणि बढतीच्या वेळी ते मोजलं गेलं पाहिजे.

निगेचा दुसरा भाग रोगराईचा. मुंबईच्या पावसात उंदीर आणि लेप्टो हे समीकरण प्रत्येकाला माहीत आहे. धान्याचं कोठार जमिनीपासून वर, पत्र्याच्या दारांचं आणि बंद गटाराचं हवं. उंदरांसाठी विष मात्र टाकू नका, विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाच्या तोंडी जातो. सापळे लावा. मांस कुठून येतं याचा माग ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, त्यानंतर कोंबडीचं मांस तपासणीविना देणं हा अक्षम्य निष्काळजीपणा ठरेल. आसपासच्या भटक्या कुत्र्यांचं लसीकरण आणि नव्या प्राण्यासाठी विलगीकरण कक्ष या दोन गोष्टींत कधीच काटकसर नको.

पायरी ५ : पाणी, वीज, शेण, पालापाचोळा

आधी मीटर बसवा. पेंग्विनच्या शीतगृहाला, पाणघोड्याच्या हौदाला, उपाहारगृहाला वेगवेगळे. एकच मोठं बिल येत असेल तर बचत कुठे करायची हेच कळत नाही.

पावसाचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाचशे चौरस मीटरच्या छपरावरून दहा लाख लिटर, गळती आणि पहिल्या सरीचं घाण पाणी वजा करून आठ लाख धरा. हे सगळं साठवायला टाकी परवडणार नाही. म्हणून पावसाळ्यात पिंजरे धुण्यासाठी रोजच्या रोज हेच पाणी वापरा, जमेल तेवढं भूमिगत टाकीत घ्या आणि बाकीचं जिरवा. हौदाचं पाणी शेणाने गढूळ होतं. ते आधी गाळाच्या टाकीत, मग खडी आणि कर्दळीच्या वाफ्यातून सोडलं की बागेला चालतं.

थंडावा राखायला लागणारी वीज मोठी असते आणि मुंबईच्या हवेत अर्धी लढाई दमटपणाशी असते. दुहेरी दारं, फटी बुजवणं, यंत्राची वेळच्या वेळी सफाई हे उपाय सौर पॅनेलच्या आधी करा. पॅनेल फक्त उघड्या छपरांवर. त्यांच्यासाठी झाडाची एक फांदीही छाटायची नाही.

हत्ती दिवसाला शंभर ते दीडशे किलो चारा खातो आणि त्यातला निम्म्याहून जास्त तसाच बाहेर टाकतो. हे शेण आणि बागेचा पालापाचोळा मिळून उत्तम खत होतं: सुक्या पानांचे तीन भाग, शेणाचा एक, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. ढीग आतून पंचावन्न अंशांपर्यंत तापून तीन दिवस तसा राहिला पाहिजे, म्हणजे रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. आठवड्याला उलथा, पावसात पत्र्याखाली ठेवा. मांसाहारी प्राण्यांची विष्ठा यात कधीही मिसळू नका, तिची विल्हेवाट वेगळी. खताच्या पिशव्या दारावर विकायला ठेवाव्यात, कुंडीत तुळस लावणारं घर मुंबईत प्रत्येक मजल्यावर आहे.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात: राज्याची बंदी २०१८ पासून आहे, ती दारावर पाळली जावी आणि आत पिण्याच्या पाण्याचे नळ इतके असावेत की बाटली विकत घ्यावीच लागू नये. गाडीतळ वाढवू नका. भायखळा स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे, तिथून बागेपर्यंत सावलीचा, बाबागाडी जाईल असा पदपथ द्या.

पायरी ६ : झाडं हाही संग्रहच आहे

राणीच्या बागेत तीन हजारांहून जास्त झाडं आहेत. गोरखचिंच, कैलासपती, फुलली की पाय हलू न देणारी म्यानमारची उर्वशी. २००७ च्या सुमारास बागेचा चेहरामोहरा बदलणारा आराखडा आला तेव्हा नागरिकांनी याच झाडांसाठी लढा दिला. प्रत्येक नवं दालन बांधताना नकाशावर आधी झाडं आणि त्यांच्या मुळांचा घेर आखा, मग भिंत. बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडून किमान मीटरभर माती उघडी ठेवा. आणि दुर्मिळ झाडांची रोपं बी गोळा करून इथेच तयार करा, महापालिकेच्या इतर उद्यानांत लावा. हे संवर्धन सगळ्यात स्वस्त आहे आणि त्याला कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही.

पायरी ७ : बाजारातून येणारे प्राणी

मुंबईत वन्यप्राण्यांची तस्करी विमानतळावरही पकडली जाते आणि गल्लीतल्या पिंजऱ्यातही दिसते. चांदणी कासव ‘घरात बरकत आणतं’ म्हणून पाळतात, तो गुन्हा आहे. आपला हिरवा पोपट पाळणंही बेकायदा आहे, आणि हे अनेक सुशिक्षित घरांत माहीत नसतं. लाल कानाची परदेशी कासवं लहानपणी नाण्याएवढी असतात, मोठी झाली की लोक तलावात सोडून देतात आणि ती देशी कासवांचा घास हिरावतात.

प्राणिसंग्रहालयाने महिन्यातून एक दिवस ‘सल्ला खिडकी’ ठेवावी. वन विभागाचा प्रतिनिधी तिथे बसावा, लोकांनी भीती न बाळगता विचारावं आणि प्राणी कुणाकडे सोपवायचा ते कळावं. एरवी वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहेच, तो प्रत्येक तिकिटाच्या मागे छापा.

पायरी ८ : फलक आणि माणसं

बहुतेक फलकांवर शास्त्रीय नाव, आयुर्मान, आहार असतं. ते वाचून कुणी काही करत नाही. कोल्ह्यासाठी मी असा फलक लिहीन: ‘हा सोनेरी कोल्हा. याचे भाऊबंद याच शहरात, ठाणे खाडीच्या कांदळवनात राहतात. रात्री खेकडे पकडतात. कांदळवनात टाकलेला राडारोडा यांच्या घरावर पडतो. कुठे टाकताना दिसला तर महापालिकेला कळवा.’ पाच वाक्यं, मोठी अक्षरं, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. मराठी आधी.

प्राण्यांना खायला देणं, दगड मारणं, चिडवणं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८(जे) खाली मना आहे. पण वेफर्सची पिशवी पुढे करणाऱ्याला शिट्टी मारून हाकलण्यापेक्षा ‘याला दुपारी काय देतात, बघायचंय का?’ असं विचारणारा स्वयंसेवक जास्त उपयोगी पडतो. निवृत्त शिक्षक आणि कॉलेजची मुलं या कामाला आनंदाने येतात.

पायरी ९ : पैसा

तिकिटाचे पैसे महापालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत गेले तर जंगलासाठी काहीच उरत नाही. व्याघ्र प्रकल्पांनी यावर तोड काढली आहे: त्यांची स्वतंत्र प्रतिष्ठानं आहेत आणि प्रवेशाचे पैसे तिथेच राहतात. राणीच्या बागेसाठी अर्थसंकल्पात ‘अधिवास संवर्धन’ असं स्वतंत्र लेखाशीर्ष मागा आणि प्रत्येक प्रौढ तिकिटातले दोन रुपये त्यात टाका. पैसा कुठे जाईल तेही आधी लिहा: वाघाटीची पिल्लं आईकडे परत पोचवणारे कार्यकर्ते, आंबोलीचा अभ्यास, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्त्यांमधलं बिबट्याविषयीचं काम. वर्षअखेरीस किती आले, कुठे गेले याचा एक पानी हिशेब दारावर लावा.

नागरिक म्हणून हे मागायला फार खटपट नाही. प्राण्यांची वार्षिक यादी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. जे मिळत नाही ते, म्हणजे दगावलेल्या प्राण्यांचे शवविच्छेदन अहवाल, विजेची बिलं, चाऱ्याचा खर्च, माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागा. मग नगरसेवकाला भेटा, अर्थसंकल्प मांडला जाण्याआधी दोन-तीन महिने, हातात एक पानी मागणी घेऊन: लेखाशीर्षाचं नाव, तिकिटातला वाटा, आणि पहिल्या वर्षी कुठल्या एका जातीवर खर्च करायचा ते.